सुतळीभर काटकसर

सिद्धप्पाला चिकट म्हटलेलं खपायचं नाही. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, म्हणून सगळी गल्ली त्याला चिकटच म्हणायची. कुणी चेंगट म्हणायचं, कुणी कवडीचुंबक. एवढं म्हणून झालं की तोंडात साखर घोळवावी तसं हसायचं.

"काटकसरी म्हणा," सिद्धप्पा बोट वर करून सांगायचा. सुताच्या पेढीवर दिवाणजी होता, त्यामुळं बोट वर करायची सवय होती. "लागणारा पैसा जो देत नाही, तो चिकट. न लागणारा पैसा जो देत नाही, तो काटकसरी. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"व्हय, पर लागणारा कुठला अन् न लागणारा कुठला, ह्ये ठरवतंय कोन?" शेजारची बजाबाई विचारायची.

"मी."

"मग झालंच की."

आता खरं बघायला गेलं तर हा शब्दच मोठा लबाड. ज्याच्या तोंडात जाईल त्याचं मीठ खातो. मंदीच्या त्या साली मिलवाल्यांनी पगार कापले, ती काटकसर. कामगारानं कपात झाल्यावर हात जरा हळू चालवला, ती कामचोरी. सोयरीक जमवताना मुलीकडचे म्हणणार, आमची पोर भारी काटकसरी, आणि मुलाकडचे ऐकणार, म्हणजे हुंड्याचं काही खरं नाही. बायकोनं चिमूटभर मीठ वाचवलं तर त्याला कुणी काटकसर म्हणत नाही, नुसतं घर चालवणं म्हणतात. नवऱ्यानं तेच केलं की ते तत्त्व होतं.

सिद्धप्पाचं तत्त्व होतं. घरात घड्याळ नव्हतं, कारण मिलचे भोंगे फुकट वाजतात. पंचांग मागच्या सालचं होतं, कारण तिथ्या त्याच येतात, वार तेवढे विचारून घेता येतात. उन्हात चालताना वहाणा हातात आणि सावलीत आल्यावर पायात, कारण तापलेल्या रस्त्यानं चामडं लवकर झिजतं. पाय झिजत नाहीत. त्या वहाणा पार झिजल्या की टाच कापून बायकोच्या पायात जायच्या. हेमावती लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या कापलेल्या वहाणा घालत होती. फटक-फटक वाजत जायची, म्हणून ती येतेय हे गल्लीला आधीच कळायचं.

तर त्या साली, चैत्र संपता संपता, पेढीच्या मालकाचे चुलते वारले. लिंगायताचं मढं, म्हणजे बसवून न्यायचं आणि बसवूनच पुरायचं. इकडं म्हातारबुवा दारात फुलांत बसलेले, वरून ऊन मी म्हणतंय, आणि तिकडं स्मशानात खणणारे कुदळीवर हनुवटी टेकून उभे. "एवढे द्या, नाय तर आमी निगालो." करता काय? मागतील ते मोजावे लागले. ते बघून सिद्धप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. मालकाला वाटलं, दिवाणजीचा चुलत्यांवर केवढा जीव.

घरी येताना सिद्धप्पा वहाणा हातात घ्यायलासुद्धा विसरला. डोक्यात एकच चक्र. कुठलाही सौदा घाईत करू नये, आणि मेलेल्या माणसाइतकी घाई कुणालाच नसते. मग शहाण्या माणसानं आपला खड्डा जिवंतपणी, सवडीनं, भाव पडलेले असताना का खणून ठेवू नये?

दुसऱ्या दिवशी तो मठातल्या अय्यांकडं गेला. स्मशानातल्या जागेचं अय्याच बघायचे.

"मयत कोण?" अय्यांनी विचारलं.

"मी."

अय्यांनी त्याला नीट न्याहाळलं. "कधी?"

"ते अजून ठरलं नाही. पण खड्डा आधी करून ठेवावा म्हणतो. मंदी आहे, मजुरी पडलीय. उद्या भाव चढले तर?"

"सिद्धप्पा," अय्या म्हणाले, "सरपण आधी भरून ठेवतात. ज्वारी आधी भरून ठेवतात. ही कसली बेगमी?"

"काटकसर म्हणा, अय्या."

अय्यांनी शिवा शिवा म्हटलं. पण जागा दिली, कारण नाही म्हटलं असतं तर हा रोज आला असता. "ऐक मात्र. आपल्यात समाधी ज्याची त्याच्या पावलानं मोजतात. नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद, खोलीला नऊच, आणि एका अंगाला बसायचा कोनाडा. ज्याचं पाऊल, त्याची जागा. आणि खणलेली जागा फार दिवस मोकळी ठेवू नये."

"ठेवली तर?"

"जागा वाट बघते."

"बघू दे की," सिद्धप्पा म्हणाला. "वाट बघायला काही पैसे पडत नाहीत."

आता अडचण अशी, की देवानं सिद्धप्पाला उंची बेताची दिली होती आणि उरलेला सगळा ऐवज पावलांत घातला होता. फावड्यासारखे पाय. खणणारा इलाहीबक्ष घमेल्यावर मजुरी घ्यायचा, जेवढी घमेली माती वर येईल तेवढे पैसे. सिद्धप्पानं स्वतःचं पाऊल वितीनं मोजलं, नऊनं गुणलं, पाचानं गुणलं, खोलीसाठी परत नऊनं गुणलं, आणि त्याला घाम फुटला. एवढ्या खड्ड्यात तर मालकाचे चुलते पाटासकट बसले असते.

तेवढ्यात हेमावती न्हाऊन बाहेर आली. शहाबादी फरशीवर तिची ओली पावलं उमटत गेली. एवढीशी, लहान मुलीसारखी. सोलापूरच्या उन्हाळ्यात ओलं पाऊल किती वेळ टिकणार? पुढचं पडेपर्यंत मागचं नाहीसं होत होतं. सिद्धप्पा त्या नाहीशा होणाऱ्या पावलांकडं बघत राहिला, आणि त्याच्या मनात हिशेबाशिवाय दुसरं काहीही आलं नाही.

"अगं, पाय पुढं कर जरा," असं म्हणून त्यानं खिशातून सुतळी काढली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणली, गाठ मारली.

"कशाला हो?" हेमावतीनं विचारलं. तिचे कान लाल झाले होते.

"सांगतो नंतर."

नंतर कशाला थांबतेय ती? सिद्धप्पा पेढीवर पोचायच्या आत बातमी बजाबाईकडं पोचली होती.

"ह्यांनी माझ्या पायाचं माप घेतलं."

"आगं बया! वहाणा?" बजाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "दिवाणजी अन् वहाणा? आगं, गोंड्याच्या सांग! करकर वाजनाऱ्या सांग! एकडाव सुटलाय मानूस, पुन्यांदा न्हाय सुटायचा."

इलाहीबक्ष सकाळी कामाला लागला. स्मशान गावाबाहेर, दोन-चार बाभळी, बाकी सगळं उघडं रान. सुतळी हातात घेऊन त्यानं एकदा गाठीकडं बघितलं, एकदा सिद्धप्पाच्या पायांकडं.

"अप्पा, ये तुमारेच पाँव का माप हाय?"

"हौ."

"छोटा दिसतंय."

"उन्हानं सुतळी आटलीय," सिद्धप्पा म्हणाला.

सोलापूरची जमीन कशी असते हे कुदळ धरणाऱ्याला विचारावं. वर बोटभर माती, मग मुरूम, मग पहार वाकवणारा खडक. इलाहीबक्षानं त्या हिशेबानं भाकरी बांधून आणली होती. पण दुपारचा भोंगा व्हायच्या आत खड्डा तयार. सिद्धप्पा बघायला गेला, तर इलाहीबक्ष वर येऊन लांब बाभळीखाली बसलेला. पाणी पीत नव्हता, विडी ओढत नव्हता, नुसता बसलेला.

"झालं पण एवढ्यात?"

"अप्पा, बाल सफेद हुए मेरे खोदते-खोदते. ऐसी जमीन नै देखी. मैं कुदाल मारनेसे पैलेच बाजू होरी थी. किसीको जगा देते ना, वैसी."

"म्हणजे तुला कष्ट पडले नाहीत," सिद्धप्पा म्हणाला. "मग मजुरी अर्धी."

इलाहीबक्षानं वादच घातला नाही. अर्धे घेतले आणि उठला. हे सिद्धप्पाला फार खटकलं. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्यानं घासाघीस केली नव्हती.

"तुझी शिडी राहिली आत."

"रहने दो. मैं नै उतरता."

तो गेल्यावर सिद्धप्पा काठावर वाकला. भर दुपारचं रान. झाडाचं पान हलत नव्हतं, कावळासुद्धा कुठं दडून बसलेला. आणि खड्ड्यातून तोंडावर गार वारा आला. विहिरीचा येतो तसा, पण विहीर नव्हती. पाऊस पडून सहा महिने झाले होते आणि खालून ओल्या मातीचा वास येत होता. तेवढ्यात गावातला भोंगा झाला. तो थांबला. खड्ड्यात मात्र तो आणखी जरा वेळ, खालच्या आवाजात, चालूच राहिला.

सिद्धप्पा मागं सरकला. मग मनाशी म्हणाला, जागा थंड आहे. चांगलंच आहे, कायम राहायचंय. आणि वर आलेला सगळा मुरूम गल्लीतल्याच, मिलमध्ये मुकादम असलेल्या धोंडीराम जॉबरला विकून टाकला. धोंडीराम घराला एक खोली वाढवत होता, त्याला जमीन भरायला मुरूम हवाच होता. कुठला, हे त्यानं विचारलं नाही. सिद्धप्पानं सांगितलं नाही. खणायचे पैसे जवळजवळ सुटले. त्या रात्री त्याला फार गाढ झोप लागली.

आठवडाभरानं नगरपालिकेचे सॅनिटरी साहेब सायकलवरून पेढीवर आले.

"स्मशानातला उघडा खड्डा तुमचा?"

"होय. स्वतःच्या मालकीचा," सिद्धप्पा अभिमानानं म्हणाला. चार गिऱ्हाईकं ऐकत होती.

"त्यात काय आहे?"

"अजून काही नाही."

"कधी असेल?"

"ते... जसं आयुष्य असेल तसं."

"असं चालत नाही. जनावर पडेल, माणूस पडेल. खड्डा एक तर वापरा, नाही तर बुजवा. आठ दिवसांची मुदत देतो."

"साहेब, इतक्यात वापरायला माझी जरा घरगुती अडचण आहे."

गिऱ्हाईकं हसली. मालक गादीवरून हसला. सिद्धप्पाच्या कानशिलाची शीर उडायला लागली. सरकारनं माणसाला मरायची मुदत घालून द्यावी म्हणजे काय? बुजवायचं म्हणजे मुरूम विकत आणायचा, गाडीभाडं भरायचं, आणि मेल्यावर पुन्हा खणायचं. म्हणजे एकाच मरणाचा तिप्पट खर्च. त्यानं ठरवलं, मुदत संपेपर्यंत काही करायचं नाही. काही न करणं हीच मूळ काटकसर.

इकडं हेमावती वाट बघत होती. रोज संध्याकाळी नवरा आला की तिची नजर आधी त्याच्या हाताकडं जायची. हातात त्याच्याच वहाणा. ती काही बोलायची नाही, पाय पदराखाली ओढून घ्यायची. आणि एक दिवस संध्याकाळी तो आला, तर ती अंथरुणावर. अंग फणफणलेलं, आणि पाय मात्र दगडासारखे गार.

"ऊन लागलं असेल," सिद्धप्पा म्हणाला, आणि गुळवेलीचा काढा उकळला.

दुसऱ्या दिवशी ती बरळायला लागली. डोळे उघडे, पण बघतेय दुसरीकडंच. "सोडा हो ती सुतळी... पायाला सुतळी लावतंय कोण... गार आहे हात."

सिद्धप्पानं काढ्याची वाटी खाली ठेवली. सुतळी त्याच्या कोटाच्या खिशात होती. त्यानं ती काढली आणि गाठ सोडवली. जाळून टाकावी असं क्षणभर आलं मनात. पण चांगली धड सुतळी होती. सरळ करून खुंटीला अडकवून ठेवली.

ताप उतरला नाही.

"दिवानजी, डाक्टर आना की वो!" बजाबाई दारात उभी राहून ओरडली. "हिचं लक्षण बरं न्हाय."

"काढा चालू आहे. डॉक्टर टांग्याशिवाय येत नाही. टांगा थांबवून ठेवतो. परत औषध त्याच्याच बाटलीतलं..."

"ह्येला काय म्हनायचं? काटकसर का?"

रोजचा सवाल. उत्तर जिभेवर तयार असायचं. त्या दिवशी सिद्धप्पानं बोट वर केलं, आणि ते तसंच वर राहिलं. लागणारा पैसा, न लागणारा पैसा... पुढचं काही आठवेना. ज्याचं पाऊल त्याची जागा, हे मात्र अय्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होतं.

तो तसाच निघाला आणि भर दुपारी स्मशानात पोचला. खड्ड्याच्या काठाशी एक कुत्रं बसलं होतं. भुंकत नव्हतं, शेपूट हलवत नव्हतं, खाली बघत होतं. सिद्धप्पानंही खाली बघितलं.

तळाशी बारीक माती होती. तिच्यावर पावलं उमटली होती. एवढीशी, लहान मुलीसारखी. शिडीपासून निघून कोनाड्याकडं गेलेली. परत आलेलं एकही पाऊल नव्हतं.

हेमावती तर कालपासून अंथरुणावरून हललीही नव्हती.

अय्यांच्या मठापर्यंत सिद्धप्पा कसा आला ते त्याला कळलं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. अय्यांनी जपाची माळ बाजूला ठेवली.

"किती वाचले?" त्यांनी विचारलं.

सिद्धप्पानं सांगितलं. मठाच्या त्या थंड ओसरीवर तो आकडा फारच लहान ऐकू आला.

"बुजव. आजच्या आज."

"पण अय्या, बुजवायचा खर्च..." बोलता बोलता त्यानंच तोंडावर हात ठेवला. सवय. दुसरं काही नाही.

बुजवायला मुरूम हवा. तो धोंडीरामाकडं पळाला. धोंडीराम नव्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. आत शिरत नव्हता.

"धोंडीराम, तो मुरूम परत दे. मिळालेले पैसे परत देतो."

पैसे परत देतो म्हटल्यावर धोंडीराम उभाच राहिला. "दिवानजी, खरं सांगा. कुठला मुरूम त्यो?"

सिद्धप्पानं खिशातून पैसे काढून पुढं केले.

"आमची म्हातारी ह्या खोलीत झोपती. तीन दिस झालं म्हनतीया, खालनं कुनीतरी चालतंय. अनवानी. मी म्हनलं म्हातारीचं कान वाजत्यात. काल मीबी ऐकलं." त्यानं आतल्या जमिनीकडं बोट केलं. "कुठला मुरूम?"

सिद्धप्पानं स्मशानाच्या दिशेला नुसता हात केला.

धोंडीरामानं जी शिवी दिली ती इथं लिहिण्याजोगी नाही. मग त्यानं स्वतः टिकाव घेतला, नवी सारवलेली जमीन उकरली आणि सगळा मुरूम दारात फेकला. "घेऊन जावा. एक पैसा नको मला. आत्ताच्या आत्ता घेऊन जावा!" आयुष्यात पहिल्यांदा सिद्धप्पाला गाडीभर माल फुकट मिळाला, आणि त्याला कसलाच आनंद झाला नाही. इलाहीबक्षाला गाडी घेऊन यायचा निरोप पाठवला. मुरूम भरायला त्याची गाडी यायला दुसरा दिवस उजाडला. सकाळभर पेढीवर त्याची लेखणी चालेना. दुपारी तो उठून घरी आला.

अंथरूण रिकामं होतं.

"हेमा?"

मोरीत नाही. मागच्या अंगणात नाही. कापलेल्या वहाणा दारातच होत्या. म्हणजे त्या उन्हात ती अनवाणी गेली होती. त्यानं बजाबाईला हाक मारली, तर बजाबाईच्या दाराला कडी. सगळी गल्ली दारं ओढून झोपलेली. त्याच्याच हाकेचा आवाज भिंतींवर आपटून त्याच्याकडं परत येत होता.

सिद्धप्पा पळाला. वहाणा पायातच होत्या. तापलेल्या रस्त्यावर चामडं झिजत होतं, आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

स्मशानात बाभळीखाली मुरुमाची गाडी उभी होती. इलाहीबक्ष बैलांच्या पुढ्यात उभा.

"टाक की मुरूम! थांबलास कशाला?"

"मैं नै डालता, अप्पा." इलाहीबक्षाचा आवाज अगदी खाली गेला होता. "अंदर कोई बैठा है."

सिद्धप्पा शिडीनं उतरला. एकेक पायरी उतरावी तसा उन्हाळा वर राहत गेला. तळाला पोचला तेव्हा त्याचे दात वाजत होते. मातीत पावलांच्या दोन रांगा होत्या. एक ताजी, एक जुनी. दोन्हींचं माप एक. दोन्ही कोनाड्याकडं गेलेल्या.

कोनाड्यात हेमावती बसली होती. मांडी घालून, पाठ ताठ, हात मांडीवर, कपाळाला भस्माचे पट्टे, डोळे मिटलेले. ज्याला बसवतात तो बसतो तशी. आणि जागा तिला अशी नेमकी बसली होती, की डोक्यावर चार बोटं, खांद्याला दोन बोटं. शिंप्यानं बेतावी तशी.

"हेमा."

काही नाही. त्यानं तिच्या पावलाला हात लावला. गार.

"हेमा, अगं, चूक झाली. माप माझं घ्यायचं होतं. घमेली कमी भरतील म्हणून तुझं घेतलं. ऐकतेस का? जागा माझी आहे, तुझी नाही. मी बसतो इथं. तू ऊठ." तो तिला ओढायला गेला, पण कोनाडा एवढा अरुंद की त्याचे स्वतःचे खांदेच आत जाईनात. तो गुडघ्यावर बसला. मग त्यानं मान वर करून अशी आरोळी ठोकली की काठावरची माती सुटली.

"इलाहीबक्ष! टांगा आण! डॉक्टर आण!"

"कौनसा डाक्टर, अप्पा? वो मिलवाला? वो बहुत पैसे लेता..."

"कोणताही आण! दोन आण! कितीबी लागू दे!"

इलाहीबक्ष काठावर वाकला. "क्या बोले, अप्पा?"

"कितीबी लागू दे रे! घर विकीन! कितीबी लागू दे!"

हेमावतीनं एक डोळा उघडला.

"हळू," ती म्हणाली. "आणि परत एकदा म्हणा. वर बजाबाई गाडीमागं बसलीय, तिला नीट ऐकू आलं नसेल."

"आलं, आलं!" वरून बजाबाईचं तोंड काठावर उगवलं. "पर अजून एकदा होऊ द्या की, दिवानजी! कानाला लई गोड लागतंय!"

सिद्धप्पा तसाच बसून राहिला. रडावं की चिडावं, हे ठरेपर्यंत दोन्ही करून झालं होतं. हळूहळू उलगडा झाला. काल तो अय्यांकडं गेला, तेव्हाच बजाबाईनं कानातली कुडी गहाण ठेवून डॉक्टर आणला होता. पहाटे ताप उतरला आणि तिला गाढ झोप लागली, ते ह्याला कळलंच नाही. आणि सकाळी इलाहीबक्ष मुरूम भरायला गल्लीत आला, तेव्हा त्यानं बजाबाईजवळ सुतळीची गोष्ट सांगितली होती. पुढचा बेत तिघांचा, आणि आले तिघं त्याच गाडीतून.

"माझ्या पायाचं माप," हेमावती म्हणाली. "मला वाटलं वहाणा."

सिद्धप्पाला तिच्याकडं बघवेना. "आजच आणू."

"गोंड्याच्या."

"गोंड्याच्या."

"करकर वाजणाऱ्या."

"वाजू देत. कितीबी..." तो थांबला. त्याची नजर मातीकडं गेली होती. "पण मला एक सांग. काल तू अंगात एवढा ताप असताना इथं कशी आलीस? मी वरून पावलं बघितली."

"काल?" हेमावती म्हणाली. "मी तर आज पहिल्यांदाच आले."

दोघांनी त्या जुन्या रांगेकडं बघितलं. ती हेमावतीच्या पायाशी येऊन थांबत नव्हती. तिच्या शेजारून कोनाड्यात, भिंतीपर्यंत गेली होती. आणि हेमावती जिथं टेकून बसली होती, तिथून मघापासून तिच्या मानेला गार वारा लागत होता.

शिडी चढताना कोण पुढं होतं हे त्यांना नंतर कुणालाच सांगता आलं नाही. बजाबाई म्हणते, दोघं एकदमच वर आले.

"टाक!" सिद्धप्पा उन्हात उभा राहून ओरडला. ऊन एवढं गोड कधी लागलं नव्हतं. "टाक मुरूम, इलाहीबक्ष!"

"सीढी अंदर है, अप्पा."

"राहू दे! तुला नवी देतो!"

"नको, नको," हेमावतीनं त्याचा हात धरला. "शिडी आत ठेवून बुजवायचं? उद्या तिच्यावरनं कुणी वर आलं म्हणजे?"

ह्याचा कुणी विचारच केला नव्हता.  शिडीचं टोक काठाच्या वर हातभर आलेलं होतं, खाली उतरायची गरज नव्हती. इलाहीबक्षानं बिस्मिल्ला म्हटलं, दोन्ही हातांनी टोक धरलं आणि ओढलं.

शिडी येईना.

त्यानं पाय रोवून ओढलं. सिद्धप्पानं इलाहीबक्षाची कंबर धरली, बजाबाईनं सिद्धप्पाची. शिडी वीतभर वर आली आणि तेवढीच परत खाली गेली. कुणीतरी खालून दोन्ही हातांनी धरावी तशी. काठाशी बसलेलं ते कालचं कुत्रं उठून उभं राहिलं, आणि कान पाडून गावाकडं चालायला लागलं.

"छोडो, अप्पा!" इलाहीबक्ष कण्हला. "एक दो गाडी मुरूम और डालो ऊपर, पत्थर डालो, चबुतरा बाँधो... मगर उसका खर्चा बहुत आयेगा!"

"अरे येऊ दे!" सिद्धप्पा जीव खाऊन ओरडला. "कितीबी लागू दे!"

खालून कुणीतरी हात सोडले. शिडी हलकी फुलासारखी वर आली, आणि तिघंही मातीत उताणे पडले.